जीवाश्मावरून थराचं वय आणि थरावरून जीवाश्माचं: हे गोल गोल फिरणं नाही का?

तुमचा प्रश्न असा: जीवाश्म बघून खडकाच्या थराचं वय सांगतात, आणि जीवाश्म किती जुना हे विचारलं की थराकडे बोट दाखवतात, मग यातला पुरावा कोणता? शिवाय चुकीच्या थरात जीवाश्म सापडला तर काय करतात, असंही तुम्ही विचारलंय.

शंका रास्त आहे. शिकत असताना पहिल्याच वर्षी मी हीच शंका घेऊन सरांकडे गेले होते. गोंधळ होतो तो ‘वय’ या शब्दामुळे. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी कोण आणि नंतर कोण, हा एक. किती वर्षांपूर्वी, हा दुसरा. जीवाश्म फक्त पहिल्याचं उत्तर देतात. वर्षांचा आकडा त्यांच्याकडे नसतोच, तो दुसरीकडून आणावा लागतो.

आधी क्रमाचं बघू. गाळ साचतो तेव्हा खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे निकोलस स्टेनोनं १६६९ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण एका टेकडीतला क्रम दुसऱ्या टेकडीशी जुळवायचा कसा? मातीच्या रंगावर विसंबता येत नाही, करड्या चिकणमातीचे थर तर कितीतरी वेळा साचलेत. ही अडचण सोडवली विल्यम स्मिथ या इंग्रज सर्वेक्षकानं. १७९० च्या दशकात सॉमरसेट भागात तो कोळशाच्या खाणी आणि कालव्याच्या खोदकामावर काम करत होता. रोज ताजे कापलेले थर डोळ्यांसमोर. त्याच्या लक्षात आलं, की दिसायला सारख्या थरांमधले शिंपले आणि अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) वेगवेगळे आहेत, आणि त्यांचा क्रम मैलोन्‌मैल बदलत नाही. याच जोरावर त्यानं १८१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा छापला.

तारीख लक्षात घ्या. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं १८५९ मध्ये. किरणोत्सर्गाचा शोध लागला १८९६ मध्ये. म्हणजे जीवाश्मांचा क्रम कुठल्याही सिद्धांतातून काढलेला नाही. तो खोदकामात दिसला, आणि तो असा का आहे हे त्या वेळी स्मिथलाही सांगता आलं नसतं.

प्रत्येक जीवाश्म या कामाला येत नाही. जी जात थोडाच काळ टिकली, पण समुद्रात दूरवर पसरली, भरपूर सापडते आणि चटकन ओळखू येते, तिचा जीवाश्म म्हणजे निर्देशक जीवाश्म. अमोनाइट, ग्रॅप्टोलाइट (वसाहती करून राहणारे बारीक समुद्री प्राणी), कोनोडोंट (दातांसारख्या सूक्ष्म अवयवांवरून ओळखले जाणारे समुद्री प्राणी), तरंगणारे फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव) हे यातले खंदे. याउलट सीलॅकँथ हा मासा घ्या. डायनोसॉरांबरोबरच संपला असं मानलं जायचं, आणि १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत मिळाला. इतका चिवट वंश थराचं वय सांगायला निरुपयोगी. एकट्या जातीवर भिस्तही ठेवत नाहीत. दोन जातींचे काळ जिथे एकमेकांवर येतात तेवढाच तुकडा धरला, की उत्तर आणखी अचूक होतं.

या पद्धतीची ताकद मला सगळ्यात जास्त पटली ती ग्रॅप्टोलाइटांच्या बाबतीत. काळ्या शेलची, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाची, पातळ पाटी उघडली की आत कुणी पेन्सिलीनं बारीक रेघा मारून ठेवल्यात असं वाटतं. भिंग लावलं की रेघेला करवतीसारखे दात दिसतात. प्रत्येक दात म्हणजे त्या वसाहतीतल्या एकेका जिवाची खोली. ऑर्डोव्हिसियन काळातल्या पुष्कळांना दोन्ही कडांना दात, तर त्यानंतरच्या सिल्युरियन काळातल्या मोनोग्रॅप्टसना एकाच कडेला.

दक्षिण स्कॉटलंडमध्ये डॉब्ज लिन नावाची घळ आहे. त्या भागात काळ्या शेलचे पट्टे पुन्हा पुन्हा दिसतात. आधीच्या भूवैज्ञानिकांनी ते एकावर एक साचलेले वेगवेगळे पट्टे मानले होते, त्यामुळे खडकांची जाडी अवाढव्य निघत होती. सगळ्या पट्ट्यांत तेच ग्रॅप्टोलाइट सापडायचे, म्हणून ‘यांच्यावरून काळ कळत नाही’ असाही निष्कर्ष निघाला होता. चार्ल्स लॅपवर्थ या शाळामास्तरानं वेगळं केलं. एका पट्ट्यातला एकेक पदर सुटा करून, कुठल्या पदरात कोणते ग्रॅप्टोलाइट मिळतात याची नोंद त्यानं केली. मग दुसरा पट्टा, मग तिसरा. क्रम सगळीकडे तोच निघाला, फक्त कुठे सुलटा, कुठे उलटा. म्हणजे वेगळे पट्टे नव्हतेच. तेच थर घड्या पडून आणि तुटून पुन्हा पुन्हा वर आले होते. १८७८ मध्ये त्यानं हे मांडलं. खालचा थर जुना हा नियम जिथे जमीन उलटी झाल्यानं फसतो, तिथे रेघांएवढ्या जीवाश्मांनी खरी बाजू दाखवली. आज सिल्युरियन कल्पाच्या सुरुवातीची, सुमारे ४४.३ कोटी वर्षांपूर्वीची, जागतिक प्रमाण-जागा म्हणून हीच घळ धरली जाते.

आता हा कोटींचा आकडा कुठून आला? ज्वालामुखीच्या राखेतून. गाळाच्या थरांमध्ये कधी कधी राखेचा पातळ थर सापडतो, आणि त्यात झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षं, म्हणून हे घड्याळ इतकं मागे नेता येतं. कार्बन-१४ इथे चालत नाही, साधारण ५०,००० वर्षांपलीकडे त्यातलं मोजण्याजोगं काही उरत नाही.

चीनमधल्या मेइशान इथल्या खाणीतल्या थरांना क्रमांक दिलेले आहेत. तिथल्या २५ व्या आणि २८ व्या थरात राख आहे. झिरकॉनवरून त्यांची वयं निघाली सुमारे २५.१९४ कोटी आणि २५.१८८ कोटी वर्षं. मधल्या २७ व्या थरात हिंडिओडस पार्व्हस हा कोनोडोंट पहिल्यांदा दिसतो, आणि ट्रायासिक कल्पाची सुरुवात तिथेच धरतात. म्हणजे तो कधी अवतरला हे दोन राखांच्या चिमटीत सापडलं. आता जगात दुसरीकडे, जिथे राखेचा मागमूस नाही, तिथे हाच कोनोडोंट पहिल्यांदा दिसायला लागला, तर तो थर साधारण त्याच वेळचा. तुम्हाला जे वर्तुळ वाटलं ते इथे सुटतं: आकडा राखेनं दिला, जीवाश्मानं तो फक्त दूर पोचवला.

आणि क्रम मनानं रचलेला असता, तर मोजलेली वयं वेडीवाकडी निघायला हवी होती. १९११ मध्ये आर्थर होम्सनं युरेनियम आणि शिशावरून काही खडकांची वयं काढली, तेव्हा डेव्होनियन खडक ३७ कोटी वर्षांचा आणि त्यानंतरचा कार्बोनिफेरस ३४ कोटींचा निघाला. जीवाश्मांनी लावलेला क्रमच आकड्यांतही उतरला. पद्धत तेव्हा बाल्यावस्थेत होती, तरी हे दोन्ही आकडे आजही त्या त्या कल्पाच्या मर्यादेत बसतात.

राहिला चुकीच्या थरातला जीवाश्म. ते होतं, आणि माझ्या कामात वारंवार होतं. मी फोरॅमिनिफेरा बघते. शेल भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलायचं. एका नमुन्यात ऑर्ब्युलिना होते, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, मण्यासारखे गोल. हे साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी अवतरले. त्याच ताटलीत दोन ग्लोबोट्रंकाना निघाले, आणि ते तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपलेत. नीट पाहिलं तर त्या दोघांच्या कडा झिजलेल्या, रंग तपकिरी, आत लोहयुक्त भर. बाकीची कवचं पांढरी, स्वच्छ. म्हणजे जुना थर झिजून त्यातली कवचं नव्या गाळात वाहून आली होती. अशा वेळी सगळ्यात तरुण जीवाश्म निकाल देतो, कारण जो जीव अजून जन्मलाच नाही तो थरात येणार नाही.

यंत्रानं खोल विहीर खणताना वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात मात्र हाच नियम दगा देतो. तिथे वरच्या भिंतीतली तरुण कवचं खाली ढासळून चुऱ्यात मिसळतात. म्हणून तिथे एखादी जात कुठे सुरू झाली यापेक्षा वरून खाली येताना ती पहिल्यांदा कुठे भेटली, म्हणजे ती कधी संपली, यावर भर देतो.

त्या नमुन्याला मी ऑर्ब्युलिनावरून ‘दीड कोटी वर्षांपेक्षा जुना नाही’ असं लिहिलं, आणि दोन ग्लोबोट्रंकानांची नोंद वेगळ्या ओळीत केली. ते तिथे आले याचा अर्थ त्या काळी जवळपास क्रिटेशस, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या कल्पातले, खडक उघडे पडून झिजत होते, आणि गाळ कुठून आला हे शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.