पिशवीला सूज आहे म्हणे!

या वेळी बहुतेकींनी प्रश्नासोबत सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो जोडलाय आणि खाली एकच ओळ, "मॅडम हे सिरीयस आहे का?" तर आज रिपोर्टच वाचूया. नावं-गावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

प्रश्न: वय ३९, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल, फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन झालंय. दोन वर्षं झाली, पाळीत खूप जातं, सात-आठ दिवस चालतं, गाठी पडतात, पहिले दोन दिवस तर दर दोन तासाला पॅड बदलावं लागतं. एचबी ८.४. सोनोग्राफीत लिहिलंय: बल्की युटेरस १०.२ × ६.१ × ५.८ सेमी, अँटिरियर वॉलला इंट्राम्युरल फायब्रॉईड ३.४ सेमी, एंडोमेट्रियम ११ एमएम, नाबोथियन सिस्ट, पॉडमध्ये मिनिमल फ्री फ्लुइड. इथले डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, गाठ आहे, मुलं झालीत ना, काढून टाका, उगाच पुढे कॅन्सर व्हायला नको. मिस्टर म्हणतात दिवाळीआधी उरकून घेऊ.

उत्तर: ताई, थांबा, दिवाळीआधी काहीही उरकायचं नाहीये. या सगळ्यात मला काळजी वाटली ती एकाच आकड्याची, एचबी ८.४, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी काही बोललेलं दिसत नाही. बाईचं एचबी १२ च्या वर हवं. तुम्हाला जिना चढताना धाप लागत असेल, संध्याकाळी पाय ओढत असतील, तर ते रक्त कमी झाल्यामुळे. लोहाच्या गोळ्या लगेच सुरू करा, चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि एचबी वर आलं म्हणून बंद करू नका, त्यानंतरही तीनेक महिने चालू ठेवायच्या असतात. पोटाला सोसत नसतील तर शिरेतून आयर्न देता येतं. थायरॉईडही एकदा तपासून घ्या, पाळी जास्त जाण्यामागे ते निघतं कधीकधी.

आता रिपोर्ट. साधारण पिशवी साडेसात सेमी लांब असते, बाळंतपणं झाली की थोडी मोठीच राहते, त्यात तुमच्या भिंतीत साडेतीन सेमीची गाठ बसलीये म्हटल्यावर माप वाढणारच, त्यालाच बल्की लिहितात. इन्फेक्शनची सूज नाहीये ती. (अडिनोमायोसिसमध्येही पिशवी बल्की दिसते, म्हणजे आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरतं, पण त्यात बहुतेक वेळा पाळी खूप दुखते, तुम्ही दुखण्याचं काही लिहिलेलं नाही.) नाबोथियन सिस्ट म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या बारीक ग्रंथीचं तोंड बंद होऊन आत चिकट पाणी साठतं, बाळंतपण झालेल्या बऱ्याच जणींना असतात, सोडून द्या. पॉड म्हणजे पिशवीच्या मागची खोलगट जागा, बीज फुटलं की तिथे चमचाभर पाणी दिसतं, तेही सोडा. आणि एंडोमेट्रियम, म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर, ११ एमएम, तर सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली ते लिहायला हवं होतं. पाळी संपल्या संपल्या हे अस्तर ३-४ एमएम असतं, पुढची पाळी तोंडावर आली की १४-१५ पर्यंत जातं. तुमची तारीख बाविसाव्या दिवसाची असेल तर ११ एकदम बरोबर आहे.

राहिली गाठ. फायब्रॉईड ही पिशवीच्या स्नायूचीच गाठ, पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना होते आणि कितीतरी जणींना कधी कळतही नाही. कॅन्सर निघतो तो अगदी क्वचित, हजारात एखादीला वगैरे. तिच्या आकारापेक्षा जागा महत्त्वाची. बाहेरच्या बाजूला असेल ती सबसेरोसल, मोठी झाली तरी पाळीला सहसा हात लावत नाही. आतल्या पोकळीत डोकावणारी सबम्युकोसल, ती दीड सेमीची असली तरी रक्ताचा पाट वाहवते. भिंतीतली इंट्राम्युरल मधली. तुमची भिंतीत आहे, पोकळीला ढकलतेय का हे मात्र रिपोर्टमध्ये नाहीये, तेवढं सोनोग्राफीवाल्यांना मुद्दाम विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ढकलत नसेल तर पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड आणि मेफेनॅमिक अॅसिडच्या गोळ्या, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर (आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्झॅमिक नाही). किंवा हॉर्मोनची तांबी, मिरेना म्हणतात ती. मूल नको म्हणून ऑपरेशन झालंय मग तांबी कशाला, असं बायका विचारतात, तर ती इथे रक्तस्राव कमी करायला आहे, पहिले तीन-चार महिने डाग लागत राहतात आणि त्यालाच कंटाळून बायका काढायला येतात, ते दिवस काढले तर पाळी बहुतेक अगदी थोडी होते. पोकळीतली गाठ निघाली तर दुर्बिणीने खालूनच काढता येते, पोटावर टाका नाही. चाळिशी ओलांडली असेल, वजन किंवा शुगर जास्त असेल किंवा गोळ्यांनी फरकच पडत नसेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात, बारीक नळीने, ओपीडीत होतं.

हे सगळं करून झालं आणि तरी रक्त थांबेना, तर पिशवी काढणं हा चांगला उपाय आहे, मी स्वतः करते, त्याला नावं ठेवत नाहीये. पण तो शेवटी येतो, आणि चाळिशीत ओव्हरी (बीजकोष) चांगल्या असतील तर त्या ठेवायच्या हे आधी बोलून, लिहून घ्या. "आता काय उपयोग, तेही काढून टाकू" हे चालणार नाही, कारण पंचेचाळिशीच्या आत दोन्ही ओव्हरी गेल्या तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो, आणि अंगातून वाफा, झोप उडणं हे एका रात्रीत सुरू होतं.

जरा चिडून लिहितेय, कारण बीडचं प्रकरण काही फार जुनं नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. त्यातल्या कितीतरी तिशीतल्या, कोणाला पांढरं जात होतं, कोणाचं पोट दुखत होतं, आणि पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापणार ही धास्ती होतीच. "कॅन्सर होईल" हे वाक्य त्यांनीही ऐकलेलं होतं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखवा, फाईल घेऊन जा.

प्रश्न: अंगावरून पांढरं जातं, सासूबाई म्हणतात यात हाडं झिजतात म्हणून कंबर दुखते. मी मेडिकलमधून वॉश आणून रोज वापरते तरी थांबत नाही, उलट वास यायला लागलाय.

उत्तर: हाडं झिजत नाहीत हो, त्यात कॅल्शियम वगैरे काही जात नाही, कंबरदुखी वेगळी आणि पांढरं वेगळं. पाळीच्या मधल्या दिवसांत तार येईल असं पारदर्शक पाणी, पाळीआधी जरा दाटसर पांढरं, खाज नाही वास नाही, हे नॉर्मल. दह्यासारखं फुटलेलं आणि खाज असह्य, ते बुरशीचं, शुगरही तपासा. करडट पातळ आणि मासळीसारखा वास, संबंधानंतर जास्त, ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी) असू शकतो, त्यात नवऱ्यालाही गोळी घ्यावी लागते, एकटीने घेऊन उपयोग नाही, आणि इथेच सगळं अडतं. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकला हिरवं पाकीट मिळतं, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतात, फुकट. पण आधी तपासणी, आणि दिवस राहिलेत अशी शंका असेल तर ते सांगायचं.

वॉश आजच्या आज बंद करा. आतल्या चांगल्या जंतूंमुळे तिथे आम्लता टिकते, ते धुऊन टाकलेत म्हणून वास सुरू झाला असणार. बाहेरून साधं पाणी, बास.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, पाळी तेराव्या वर्षी आली, कधी ३० दिवसांनी कधी ४२. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरीज पॉलिसिस्टिक आल्या. लग्नाला, मुलं व्हायला त्रास होईल का? क्लासच्या मैत्रिणीने वजन कमी करायची पावडर सुचवलीये.

उत्तर: पावडर नको. आणि सोनोग्राफी करायलाच नको होती. पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरीचा आजार) ठरवायला सोनोग्राफी वापरत नाहीत, कारण त्या वयात ओव्हरीत बारीक फॉलिकल भरपूर दिसतातच. त्या काही काढायच्या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत. पहिल्या तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, म्हणजे तुमची मुलगी सध्या आत बसते. हनुवटीवर दाट केस, खूप पिंपल्स, मानेवर काळेपणा असेल तर दाखवा. आणि पुढे कधीही तीन-तीन महिने पाळी आली नाही तर "बरंय, कटकट नाही" म्हणून सोडायचं नाही, अस्तर जाड होत राहतं, गोळी देऊन पाळी आणावी लागते. लग्नाची काळजी पंधराव्या वर्षी तिच्यासमोर तरी बोलू नका.

प्रश्न: आई ६२, गावी असते. अंग बाहेर येतं, वीसेक वर्षं झाली, आत्ता सांगितलं. लघवीला बसली की हाताने आत ढकलते. ऑपरेशनला घाबरते, हार्टची गोळी चालू आहे.

उत्तर: ऑपरेशनशिवायही करता येतं. सिलिकॉनची रिंग मिळते, पेसरी म्हणतात, मापाची आत बसवली की अंग, म्हणजे खाली सरकलेली पिशवी, वर राहतं, दर तीन-चार महिन्यांनी काढून धुऊन परत बसवायची. सोबत इस्ट्रोजेनचं मलम, म्हणजे घासून जखम होत नाही. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला असेल तर त्याचे उपचार आधी, जोर केला की परत खाली येणारच. मग हार्टच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर खालूनच ऑपरेशन, तेही भूल कमरेतली. तरुण बायकांचं अंग खाली आलं तर पिशवी न काढता पट्टीने वर टांगता येते, ही ऑपरेशनं आपल्या मुंबईतच घडली, डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरेंची. गरोदरपणात पिशवीच्या तोंडाला घालतात तो शिरोडकर टाका याच शिरोडकरांचा.

प्रश्न: वय ५६. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा डाग लागला, दुखत काही नाही. भिशीतल्या मैत्रिणी हसतात, तरुण झालीस म्हणतात. थांबून बघू का?

उत्तर: नाही. वरच्या पहिल्या ताईंना मी थांबा म्हटलं, तुम्ही याच आठवड्यात जा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब दिसला तरी तपासायचं, दुखत नसलं तरी. बहुतेकींना साधंच निघतं, कोरडेपणा, एखादा पॉलिप (अस्तराचा लोंबता कोंब), पण साधारण दहातल्या एकीला पिशवीचा कॅन्सर निघतो, आणि तो लवकर सापडला तर चांगला बरा होतो. खालून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ एमएमच्या वर असेल तर तुकडा तपासायचा. चारच्या आत असूनही डाग लागत राहिला तरी तपासायचा.

त्याच फेरीत पिशवीच्या तोंडाचीही तपासणी करून घ्या, एचपीव्ही टेस्ट (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) आधी झाली नसेल तर तीही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३० हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला, त्यात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टने पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. डाग लागतोय म्हणून तपासणी पुढे ढकलू नका, थोडं रक्त असलं तरी आम्ही बघतो. रक्त पातळ करायची गोळी किंवा ब्रेस्टच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पाकीटच सोबत न्या.