एकाच नदीबद्दल दोन अहवाल उलट आकडे का देतात?

आपला प्रश्न असा आहे की, एकाच नदीचा प्रवाह २०५० च्या सुमारास १५ टक्क्यांनी वाढेल असे एक अहवाल सांगतो आणि तितकाच घटेल असे दुसरा सांगतो, तर विश्वास कोणावर ठेवायचा? नदीप्रवाहाची मॉडेले चालवणे हेच माझे काम असल्याने उत्तर जरा सविस्तर देतो. दोन्ही अहवाल प्रामाणिकपणे केलेले असू शकतात.

असा आकडा कित्येक पायऱ्या उतरून येतो. आधी हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे एक गृहीतक धरले जाते आणि ते जागतिक हवामान मॉडेलला दिले जाते. हे मॉडेल पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत विभागते; त्यातला एक चौकोन बहुधा १०० किलोमीटर रुंदीच्या आसपास असतो आणि एखादे छोटे पाणलोट क्षेत्र त्यात अख्खे बुडून जाते. म्हणून पावसाचे आकडे स्थानिक पातळीवर उतरवून, मोजलेल्या पावसाशी ताडून दुरुस्त केले जातात आणि मगच ते जलविज्ञानाच्या, म्हणजे पावसावरून नदीचा प्रवाह काढणाऱ्या, मॉडेलमध्ये जातात. तापमान वाढेल यावर सगळी मॉडेले एकमत आहेत; पाऊस वाढेल की घटेल यावर मात्र जगाच्या बऱ्याच भागांत त्यांचे जमत नाही. आपल्या दोन अहवालांनी वेगवेगळी हवामान मॉडेले निवडली असतील, तर एवढ्यानेच निष्कर्षाची दिशा उलटू शकते.

पावसातला लहान फरक नदीत मोठा होऊन उतरतो, हे मात्र बहुतेक वाचकांच्या लक्षात येत नाही. समजा, वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला ७०० जमीन आणि झाडे हवेत परत पाठवतात आणि ३०० नदीला मिळतो. पाऊस १० टक्क्यांनी घटून ९०० झाला, तरी झाडांची तहान त्या प्रमाणात कमी होत नाही. बाष्पीभवन ६७० वर आले, तर नदीला २३०, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी मिळतो. हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात १९७० च्या दशकापासून पाऊस साधारण १५ टक्क्यांनी घटला, आणि पर्थ शहराच्या धरणांत येणारे पाणी निम्म्याहूनही कमी झाले.

हवामान मॉडेलांवर सगळेच टीका करतात, पण माझ्या मते अधिक संशय शेवटच्या पायरीवर, म्हणजे जलविज्ञानाच्या मॉडेलवर घ्यायला हवा. ते मागच्या नोंदींशी जुळवून घेतलेले असते आणि नोंदी ओल्या वर्षांच्या असतील, तर कोरड्या काळात ते प्रवाह फुगवून दाखवते. मी स्वतः एकदा अशा मॉडेलला नोंदींशी जुळण्याबद्दल मिळालेले गुण पाहून खूश झालो होतो. नंतर दुष्काळी वर्षांवर चालवले, तेव्हा ते नदीत नसलेले पाणी दाखवू लागले. कारण उघड आहे: दुष्काळ लांबला की भूजलाची पातळी नदीच्या तळाखाली जाते, आणि पुढचा पाऊस आधी ती पोकळी भरतो. यावरची कसोटी जलवैज्ञानिक व्हिट क्लेमेश यांनी १९८६ मध्येच सुचवली होती: मॉडेल ओल्या वर्षांवर जुळवा आणि कोरड्या वर्षांवर तपासा, मग उलटही करून पाहा. ही कसोटी फार थोड्या अहवालांत दिसते.

तेव्हा आपल्या दोन्ही अहवालांत किती हवामान मॉडेले वापरली, सरासरीसोबत आकड्यांचा पूर्ण पल्ला दिला आहे का, आणि ही कसोटी घेतली आहे का, हे शोधा. वार्षिक आकड्यावरच थांबूही नका. बर्फावर पोसलेल्या नदीत वर्षाची बेरीज तेवढीच राहूनही बर्फ लवकर वितळल्याने उन्हाळ्याच्या अखेरीस टंचाई येऊ शकते.

एकाच आकड्यावर योजना उभारली की काय होते, ते कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात दिसते. १९२२ च्या करारात अमेरिकेतील सात राज्यांच्या दोन गटांना मिळून वर्षाला दीड कोटी एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच साचेल इतके) पाणी वाटून दिले गेले, आणि ज्या नोंदींवर ते वाटले, ती वर्षे नेमकी नेहमीपेक्षा ओली होती. २००० ते २०१४ या काळातला प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी भरला, आणि त्या तुटीतला लक्षणीय वाटा निव्वळ वाढलेल्या उष्णतेचा होता. म्हणून आपल्या नदीवर एखादे धरण किंवा कालवा ठरवायचा असेल, तर मी प्रश्न उलटा विचारेन: प्रवाह किती टक्क्यांनी घटला की ही योजना कोलमडते? तो आकडा दोन अहवालांनी मिळून दाखवलेल्या पल्ल्यात येत असेल, तर त्यांतला कोणता बरोबर हे ठरण्याची वाट न पाहता आराखडा आताच बदलावा लागेल.