अल निनोच्या वर्षी पूर येत नाही?

प्रश्न : अल निनोची बातमी आली की आमच्याकडे पुराची तयारी ढिली पडते, कारण 'यंदा दुष्काळच' असं सगळे धरून चालतात. हे कितपत खरं? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : या समजावर कृपा करून विसंबू नका. २०१९ आठवा. उन्हाळ्यात कमजोर अल निनो होता, जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी पाऊस झाला. ऑगस्टमध्ये तुमच्याच आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट.

अल निनोमुळे चार महिन्यांच्या एकूण पावसाचं पारडं कमीकडे झुकतं, एवढंच. कोयनेच्या पाणलोटात सलग सहा-सात दिवस किती कोसळेल, हे त्या आठवड्यातली कमी दाबाची क्षेत्रं ठरवतात. धरणं आधीच भरत आली असली तर ते पाणी थोपवायला जागाच उरत नाही.

शिवाय एकच चक्र जागेनुसार उलटं वागतं. अल निनोत प्रशांत महासागरावरचे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे मंदावतात आणि पश्चिमेला साचलेलं कोमट पाणी पेरूच्या किनाऱ्याकडे सरकतं. एरवी तिथला समुद्र थंड, म्हणून किनाऱ्यावर वाळवंट. १९९८ मध्ये याच सेचुराच्या वाळवंटात इतका पाऊस झाला की तिथे भलंमोठं तळं साचलं. ला निनाचं, म्हणजे अल निनोच्या उलट अवस्थेचंही तसंच. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोरला नदी १४.४ मीटरपर्यंत चढली, त्याच काळात सोमालियात पावसाचे हंगाम एकामागून एक कोरडे जात होते.

प्रश्न : मग पाहायचं काय?

उत्तर : फक्त प्रशांत महासागर नको. हिंदी महासागराचा द्विध्रुवही पाहा. पश्चिम भाग पूर्वेपेक्षा नेहमीहून जास्त तापला आणि या फरकाचा निर्देशांक अधिक ०.४ अंशांच्या वर टिकला, की तो 'धन' मानतात. २०१९ मध्ये तो फार तीव्र होता. वर्षअखेरीस पूर्व आफ्रिकेत पूर आले, शबेले नदीने सोमालियातलं बेलेदवेनं शहर बुडवलं.

मार्च ते मे या काळात वर्तवलेल्या अल निनोच्या अंदाजावर फार भिस्त ठेवू नका. त्या दिवसांत समुद्र कूस बदलत असतो, त्यामुळे चुका जास्त होतात. जुलैपासून हवामान खात्याचा दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज वाचा. ऑगस्टमध्ये मात्र रोज सकाळी दोन आकडे हवेतच : कोयनेचा विसर्ग आणि पुलावरची पातळी. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागायच्या आत जनावरं उंचावर हलवा, मग वर्ष अल निनोचं असो वा नसो.