सेंद्रिय शेतीने फळं-भाज्यांचा दर्जा खरंच सुधारतो का?

तुम्ही विचारलंय, "सेंद्रिय म्हणून दुप्पट भावाने भाजी घेतो. तिच्यात खरंच काही वेगळं असतं की फक्त नावाचे पैसे?" मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग सांभाळतो, शिवाय अर्ध्या एकरात भाजीपाला. २०१८ पासून वावरात रासायनिक खत आणि विषारी फवारा नाही. त्याच्या आदल्याच पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. ते ऐकल्यावर पाठीवर पंप चढवायला हात धजेना. दर्जाचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता, तो नंतर समजत गेला.

फरक सगळ्यात आधी पालेभाजीत दिसला. पूर्वी आम्ही मेथीला, सांबाराला (म्हणजे कोथिंबिरीला) युरिया फेकायचो. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. आठवड्यात पानं रुंद, गर्द हिरवी, जुडी भरगच्च. पण संध्याकाळी तोडून ओल्या पोत्यात बांधलेली मेथी पहाटे बाजारात सोडली की मधली पानं चिकट झालेली असायची, वासही आंबूस. नत्र एकदम मिळालं की झाड भराभर वाढतं, पानात पाणी जास्त भरतं, पान लुसलुशीत आणि नाजूक राहतं. झाडाला पचलं नाही ते नत्र पानात नायट्रेट म्हणून साचतं. शेणखतातलं नत्र मातीतले जिवाणू हळूहळू मोकळं करतात, त्यामुळे वाढ दमाने होते. आता आमचा सांबार दिसायला बारका असतो, पण ओल्या फडक्यात गुंडाळला तर तिसऱ्या दिवशीही काडी कडक असते. खुडताना हाताला वास लागतो तो जेवायला बसेपर्यंत जात नाही.

पण सेंद्रिय म्हटलं की सगळं आपोआप चांगलं, असं मुळीच नाही. कच्चं शेण पालेभाजीत टाकलं तर त्यातले रोगजंतू थेट पानावर येतात. खत पुरतं कुजलेलं हवं, आणि सेंद्रिय पालेभाजीही धुऊनच खायची.

आता पौष्टिकतेचं. यावर जगभर अभ्यास झालेत आणि ते सगळे एका सुरात बोलत नाहीत. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांत म्हणावा असा फरक सापडला नाही. २०१४ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंध एकत्र मांडले गेले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. कॅडमियम हा घातक धातू, तो स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खतांतून जमिनीत उतरतो. दोन्हीकडे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश सापडण्याची शक्यता बरीच कमी. माझ्या मते तुम्ही जादा पैसे देता ते याच्यासाठी. जीवनसत्त्वांसाठी सेंद्रिय घेत असाल तर त्यापेक्षा रोज एक भाजी जास्त खा, ते स्वस्त पडेल.

हा अंश येतो कसा, ते वांग्यावरून सांगतो. वांग्याला शेंडे आणि फळ पोखरणारी अळी लागते. प्रत्येक औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की फवारल्यावर अमुक दिवस तोड करू नका. वांग्याची, भेंडीची तोड मात्र दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते, थांबलात तर माल जून होतो आणि कोणी विचारत नाही. मग आज फवारा, परवा तोड, तेरवा तुमच्या ताटात. मीही हे केलंय, आणि घरच्यासाठी दोन झाडं न फवारता वेगळी ठेवलीयत. हे लिहिताना आजही लाज वाटते. आंतरप्रवाही औषध फळाच्या आत गेलेलं असतं, ते मिठाच्या पाण्याने धुतलं तरी निघत नाही.

आता कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून अडकवणारे) लावतो, निंबोळी अर्क फवारतो. आई सकाळी ऊन तापायच्या आधी ओळीतून फिरते. एखाद्या शेंड्याने मान टाकलेली दिसली की समजायचं आत अळी आहे. तो शेंडा खुडून अळीसकट नष्ट करायचा. एवढं करूनही टोपलीत किडकी वांगी निघतातच. ती बाजूला काढतो, बाकीची तुऱ्हाट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर) भरीत भाजायला बिनघोर घ्या.

संत्र्याने मात्र आमची परीक्षा पाहिली. पहिली तीन वर्षं बाग रुसली. फळ बारकं आणि कोळशी नावाच्या काळ्या बुरशीने काळं पडलेलं, बागवान (फळांचा व्यापारी) भाव पाडून मागायचा. फळबागेला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळायला तीन वर्षं का लागतात, ते तेव्हा कळलं. जमिनीलाच तेवढा वेळ लागतो. चौथ्या वर्षी आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचं) फळ सोललं तेव्हा साल पातळ आणि फोडी रसाने टच्च. नत्र जास्त झालं की संत्र्याची साल जाड, खरबरीत होते आणि रंग उशिरा धरतो, ते आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. आजही आमचं फळ वरून डागाळलेलं असतं. मेणाचा थर देत नाही, म्हणून बाजारातल्या चकचकीत संत्र्यापेक्षा लवकर सुकतं. दिसण्यात आम्ही हरतो, हे मान्य.

चवीबद्दल लोक सर्रास म्हणतात, सेंद्रिय म्हणून गोड. मला ते पूर्ण पटत नाही. चव वाणावर आणि तोडायच्या वेळेवर जास्त अवलंबून असते. लांबच्या गाडीसाठी तयार केलेलं जाड सालीचं संकरित भेदरं (टोमॅटो) हिरवट तोडलं, तर शेणखतावर वाढवूनही ते पाणचटच लागणार. गावरान भेदरं झाडावर लाल होऊ दिलं तर थोड्या रासायनिक खतावरचंही चवदार लागतं. सेंद्रिय माल बरेचदा जवळ विकला जातो, पिकल्यावर तोडला जातो, म्हणून चवीचं श्रेय त्याला मिळतं.

म्हणून घेताना पाकिटावर 'जैविक भारत'सारखं सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह आहे का बघा, किंवा शेतकरी पीजीएस गटात (जिथे शेतकरीच एकमेकांची शेती तपासून हमी देतात) आहे का विचारा. थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर तीन प्रश्न करा: वाण कोणता, तोड कधी केली, शेवटचा फवारा कशाचा आणि किती दिवसांपूर्वी. जो खरंच करतो तो तिसऱ्या प्रश्नावर चिडत नाही, वावर दाखवायला बोलावतो.