सराफ्यात जाण्याआधी जेवू नका

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. जानेवारीत उज्जैन-ओंकारेश्वर करायचं ठरलंय. वाटेत इंदूरला दोन दिवस राहावं असं मला वाटतं. यांचं म्हणणं, व्यापाऱ्यांच्या गावात बघायचं काय? तुमचं माहेर इंदूरचं, म्हणून विचारते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, यजमानांना सांगा, व्यापाऱ्यांचं गाव आहे म्हणूनच राहायचं. शिवाय उज्जैन उत्तरेला साधारण ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर दक्षिणेला ८० च्या आसपास. सामान इंदुरातच ठेवा आणि दोन्ही करून परत या.

सकाळी हॉटेलातला नाश्ता घेऊ नका. कोपऱ्यावर वाफेवर ठेवलेले पोहे मिळतील. वर शेव, कच्चा कांदा, चिमूटभर जिरावण (इंदुरी मसाल्याची पूड) आणि शेजारी जिलबी. आपल्यासारखी खमंग फोडणी शोधाल तर हिरमोड होईल. बडीशेपेचा दाणा दाताखाली आला की समजा, इंदूरला पोचलात.

मग राजवाडा. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत बराच जळला, नंतर पुन्हा उभा केला. तिथून कृष्णपुऱ्याच्या होळकर छत्र्या पायी गाठता येतात. इतवारियातलं सेठ हुकुमचंदांचं काच मंदिर चुकवू नका. होळकरांचा लालबाग राजवाडा पाय बोलत असतील तर सोडलात तरी चालेल.

दुपारी मात्र झोपा. खरं इंदूर रात्री नऊनंतर. राजवाड्यामागचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा. शटर पडली की त्याच पायऱ्यांपुढे कढया मांडल्या जातात. आमचे हे जावई म्हणून पहिल्यांदा आले, तेव्हा आईच्या हातचं श्रीखंड-पुरी चापून तिथे गेले आणि तासभर एका सराफाच्या पायरीवर नुसते बघत बसले. अजून बोलून दाखवतात!

तुम्ही थंडीत जाताय, म्हणजे गराडू मिळणार. हा एक कंद. उकडलेल्या फोडी खरपूस तळतात, वर मसाला नि लिंबू. खाताना टाळू भाजते, तरी हात थांबत नाही. दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीसही घ्या. साबुदाण्याची खिचडी आपली कुटाची नव्हे. वाफवलेला मोकळा साबुदाणा, त्यावर फराळी चिवडा. मी आजही तिला खिचडी म्हणत नाही, पण दोन द्रोण संपवते. सगळं दोघांत एकच प्लेट मागवा. दुकानदार 'भिया' म्हणजे भैया म्हणेल, यजमानांनी रागावू नये.

साडी घ्यायचीच असेल तर माहेश्वरी, आणि जमलं तर थेट महेश्वरला, मागावर विणताना बघून. गाडीने जाऊन-येऊन एक दिवस जातो.

येताना जिरावण आणाच, पण दोन पिशव्यांत बांधून. माझ्या एका साडीला अजून हिंगाचा वास येतो.