जर्नल पब्लिशिंगमधला जॉब घेऊ की नको? सर म्हणतात तिथे लेख दाबतात

कोल्हापूरहून एका मुलीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालीये. एम.ए. राज्यशास्त्र झालंय, पुण्यात एका जर्नल (म्हणजे संशोधनाची नियतकालिकं) पब्लिशिंग कंपनीत प्रॉडक्शन एडिटरची ऑफर आहे, पण तिचे सर म्हणतात हे मोठे पब्लिशर चीनला घाबरून लेख दाबतात, तुलाही तेच करायला लावतील. तिला पुढे स्वतः एका चांगल्या जर्नलची एडिटर व्हायचंय. म्हणून विचारतेय, जाऊ का?

अगं, सरांचं म्हणणं खोटं नाहीये. ऑगस्ट २०१७ मधे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 'द चायना क्वार्टर्ली' या जर्नलमधले तीनशेहून जास्त लेख आणि पुस्तक परीक्षणं चीनमधे बंद केली होती, तिथल्या आयात करणाऱ्या एजन्सीने सांगितलं म्हणून. विषय कोणते तर तिआनानमेन (१९८९ मधे बीजिंगमधे चिरडलेलं आंदोलन), तिबेट, शिनजियांग, तैवान, सांस्कृतिक क्रांती. एडिटर टिम प्रिंगल यांनी उघड नाराजी सांगितली, अभ्यासकांनी सह्यांची मोहीम काढली, बहिष्काराची भाषा सुरू झाली आणि २१ ऑगस्टला प्रेसने सगळं परत चालू केलं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमधे स्प्रिंगर नेचर या दुसऱ्या मोठ्या पब्लिशरने चीनमधे किमान हजार लेख अडवलेत हे बाहेर आलं आणि ते मात्र मागे हटले नाहीत, म्हणाले आमच्या एकूण कंटेंटच्या एक टक्क्याहून कमी आहे आणि स्थानिक नियम पाळावेच लागतात. मला हे अजिबात पटत नाही. तिथे शिकणाऱ्या मुलाने तिआनानमेन टाकून शोधलं आणि काहीच आलं नाही तर लेख लिहिलाच गेला नाही की कुणी अडवलाय हे त्याला कळणार कसं?

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू दोन वेगळ्या खुर्च्या एक समजतेयस. जर्नलचा एडिटर हा बहुतेक वेळा कुठल्यातरी युनिव्हर्सिटीतला प्राध्यापक असतो, लेख घ्यायचा की नाही हे तो पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या इतर अभ्यासकांचं मत, बघून ठरवतो, आणि तुला जी ऑफर आहे ती पब्लिशरच्या बाजूची, म्हणजे लेख मंजूर झाल्यावरचं काम, कॉपीएडिटिंग, लेखकाला क्वेरी पाठवणं, प्रूफ, अंक वेळेत काढणं. मी स्वतः मार्गदर्शनाच्या कामात यायच्या आधी तीन वर्षं हेच केलंय. लेख दाब असं मला कुणीही कधी म्हणालं नाही, कारण असले निर्णय आमच्या टेबलापर्यंत येतच नव्हते, ते वर मॅनेजमेंट, सेल्स आणि वकील यांच्यात होतात. म्हणजे तुझ्या हातून पाप घडणार नाही, पण थांबवायची ताकदही तुझ्या हातात नसणार, आणि हे दुसरं तुला जास्त त्रास देईल असं पत्रावरून वाटतंय.

आणि एडिटर झालीस म्हणून सगळं आपल्या हातात असं पण नाही हं. 'प्रोमिथियस' नावाच्या जर्नलमधे लेस्टर युनिव्हर्सिटीच्या चौघांचा लेख येणार होता, जर्नल पब्लिशर किती प्रचंड नफा कमावतात यावर. आणि ते जर्नल काढत होतं टेलर अँड फ्रान्सिस, म्हणजे त्यातलंच एक मोठं नाव. मग काय, मॅनेजमेंटने लेखात मोठी काटछाट मागितली, सप्टेंबर २०१३ चा अंक रखडत रखडत मे २०१४ ला आला, तोही संपादक मंडळाने सगळे राजीनामे देऊ म्हटल्यावर, आणि वर यातल्या माहितीवर विसंबू नका अशी पब्लिशरची टीप लावून. पण छापला गेला ना! एकटा एडिटर असता तर नसता गेला असं मला वाटतं, मंडळ एकत्र उभं राहिलं म्हणून झालं.

दुसरं म्हणजे जर्नलचं नाव कुणाच्या मालकीचं. २०१५ मधे 'लिंग्वा' या भाषाशास्त्राच्या जर्नलचे सगळे एडिटर एल्सेव्हियरशी भांडून बाहेर पडले (भांडण पैशाचं आणि ओपन ॲक्सेसचं, म्हणजे लेख सगळ्यांना फुकट वाचता यावेत याचं होतं, सेन्सॉरशिपचं नव्हे), पण नाव कंपनीकडेच राहिलं, यांना 'ग्लोसा' या नव्या नावाने सुरुवात करावी लागली. कंपनीऐवजी ट्रस्ट असला की प्रश्न मिटतो असंही समजू नकोस. आपल्या मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत अदानी समूहाच्या वकिलांची नोटीस आल्यावर ते चालवणाऱ्या ट्रस्टने छापलेला लेख काढून टाकायला सांगितला आणि जुलै २०१७ मधे एडिटर परंजॉय गुहा ठाकुरता यांनी राजीनामा दिला. तू राज्यशास्त्राची आहेस, तुला हे आठवत असेलच.

माझं मत विचारशील तर जॉब घे, पण दोन वर्षांसाठी. अंक कसा निघतो, लेखकाशी कसं बोलायचं, कुठला पब्लिशर कसा वागतो हे आतून शिकायला मिळेल. एडिटरच्या खुर्चीत बसायचं तर मात्र पीएचडी आणि स्वतःचं संशोधन याला पर्याय नाही, त्यामुळे नेट/सेटचा अभ्यास सोडू नकोस, शनिवार रविवार त्यालाच दे. आणि जॉईन व्हायच्या आधी एचआरला विचार की माझ्याकडची जर्नल्स कंपनीच्या मालकीची आहेत की अभ्यासकांच्या एखाद्या सोसायटीची, आणि छापलेला लेख काढून टाकायचा किंवा एखाद्या देशात बंद करायचा निर्णय झाला तर एडिटरला आधी कळवतात का. उत्तर लेखी माग. सरांनाही हे पत्र दाखव. शुक्रवारपर्यंत कळवायचंय म्हणतेस तर मेल आजच टाक, एचआरवाले दोन दिवस तरी लावतात.