रणजी खेळून झाल्यावर कोच व्हावं की संघटनेत जावं? की दोन्ही?

'दोन्ही' आधी खोडून टाका. क्रिकेटचा कारभार सुधारायला सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीनंतर २०१८ साली बीसीसीआयची नवी घटना आली, तिच्यात खेळाडू, निवड समिती, कोच, समालोचक, पदाधिकारी यांतली एका वेळी एकच खुर्ची. पूर्वी मात्र सकाळी नेट्स आणि संध्याकाळी मीटिंग असं सर्रास चालायचं. मीही तेच केलं, म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

मी रणजीचे अकरा सामने खेळलो. कुठल्या संघाकडून ते राहू दे. बाराव्याला वगळलं हे पेपरात वाचून कळलं. अकरा सामन्यांवर पेन्शनही बसत नाही. बँकेतली नोकरी होती म्हणून निभावलं, आणि जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला लागलो.

आमची पोरं नेटमध्ये टू-पीस, म्हणजे कातड्याचे दोन तुकडे शिवलेल्या चेंडूवर खेळायची, कारण तो स्वस्त. सामन्यात हातात यायचा चार तुकड्यांचा फोर-पीस. ज्यांनी दोन्ही खेळलेत त्यांना सांगायला नको. फोर-पीसची शिवण अंगठ्याच्या नखाला लागते, नवा असताना हवेत वळतो आणि टप्पा पडून पुन्हा वळतो. एका सामन्यात पहिल्या तासात पाच गेले, त्यातले चार स्लिपमध्ये. पोरांच्या तंत्रात खोट नव्हती, त्यांनी तसा चेंडू कधी पाहिलाच नव्हता.

मी जिल्हा संघटनेच्या सचिवांकडे गेलो. कधीकाळी शाळेच्या संघातही नव्हते, पण कीर्दखतावणी मुखोद्गत. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "अहो, चेंडू तो चेंडू. तुम्हा बॅटवाल्यांना हिशेब कळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. दोन वर्षांनी निवडणुकीला उभा राहिलो, आलो निवडून, साहित्य खरेदी मागून घेतली. पहिल्याच महिन्यात चार डझन फोर-पीस मागवले. खोकं उघडल्यावर त्या लाखेचा आणि कातड्याचा वास आला, पोरं एकेक चेंडू हातात घेऊन फिरवत बसली. त्या मोसमात आमचे ओपनर पहिला तास खेळून काढायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

जानेवारीत मुलींच्या संघाला बाहेरगावी जायचं होतं. पहाटे पाचला पंधरा मुली किट घेऊन मैदानाच्या फाटकाशी उभ्या, आणि गाडी नाही. गाडीवाल्याला आगाऊ रक्कम गेलीच नव्हती, कारण 'साहित्य व प्रवास' या एकाच हेडमधले पैसे माझ्या चेंडूंनी खाल्ले होते. सचिव स्कूटरवरून आले. ओरडले नाहीत. वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या खिशातून एसटीचे पैसे काढून दिले. मुली पोचेपर्यंत समोरच्या संघाला पुढे चाल दिली गेली होती. त्यांच्यातली एक आज शाळेत पीटी शिकवते. भेटली की नीट बोलते, पण तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

चूक माझी होती, मान्य. पण साहित्य आणि प्रवासाचं हेड वेगळं करा, हे मी पहिल्याच मीटिंगला म्हणालो होतो. ते इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्त कोण लिहायचं? सचिव. खेळाडूला हिशेब कळत नाही असं नसतं, त्याला हिशेब दाखवत नाहीत.

तेव्हा माझं स्पष्ट मत: संघटनेत जा. कोच ढिगानं मिळतात. पोरगा कुठल्या चेंडूवर सराव करणार, रोलर फिरणार की नाही, पावसाळ्याआधी ताडपत्री येणार की नाही, हे ठरतं मीटिंगमध्ये. तिथे आमच्यातलं कोणी नसेल तर कोचनं नेटमध्ये कितीही घसा फोडावा. फक्त निवडणुकीच्या आधी कुणा ओळखीच्या सीएकडे महिनाभर बसा आणि ताळेबंद वाचायला शिका. मी ते केलं नव्हतं.

'भारताकडून न खेळलेल्याचं कोण ऐकणार' असं तुम्ही लिहिलंय, ते सोडून द्या. सचिनला घडवणाऱ्या आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना होता. अमोल मुजुमदारनं रणजी पदार्पणात २६० केले, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, तरी भारताची टोपी नाही. तोच माणूस २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिलांच्या विश्वविजेत्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून उभा होता. हे उदाहरण माझ्याच सल्ल्याच्या विरुद्ध जातं, कळतंय मला.

आणखी एक. माझा अनुभव जिल्ह्यापुरता, राज्य पातळीवरचं राजकारण मी लांबूनच पाहिलंय. शिवाय आज रणजीत चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला सामन्याच्या दर दिवसाला ६० हजार मिळतात. तुमचं तेवढं झालं असेल तर वर्षभर थांबून ठरवायची चैन तुम्हाला परवडेल, आम्हाला ती नव्हती. कोचिंगचा लेव्हल वनचा कोर्स तेवढा करून ठेवा, वाया जात नाही.

सचिव आता ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी मैदानाला काठी टेकत फेऱ्या मारतात. मी दिसलो की थांबून विचारतात, "काय हो, फोर-पीस कितीला पडतो हल्ली?"

मी अजून एकदाही सांगितलेलं नाही.